दाजींचा कॉनरॅड वेव्हर आणि चौघांचं स्टेटस : एक पूर्ण प्रकरण

कॉनरॅड वेव्हर म्हणजे अमेरिकेत ट्रेनिंग घेतलेल्या डॉक्टरला दोन वर्षं मायदेशी राहायच्या अटीतून मिळणारी माफी, डॉक्टर नसलेल्या भागात काम करायच्या बदल्यात. आधी मंडळी कोण ते सांगतो, कारण सगळा गुंता तिथेच आहे. दाजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे मिस्टर, अंबाजोगाईच्या एसआरटीआर मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस, मग वर्षभर लातूर जिल्ह्यातल्या एका पीएचसीवर बाँड, मग यूएसएमएलई म्हणजे अमेरिकेत डॉक्टरी करायची परीक्षा, आणि जुलै २०२२ पासून अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी म्हणजे हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग, जे-१ या ट्रेनिंगच्या व्हिसावर. ताई जे-२ वर, म्हणजे जे-१ वाल्याच्या बायकोमुलांच्या व्हिसावर. मुलगा लातूरला जन्मलेला, तोही जे-२. मुलगी रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षात तिकडेच झाली, ती अमेरिकन सिटिझन. म्हणजे एका घरात चार माणसं आणि तीन प्रकारचे कागद. राज्याचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, ओळख पटायला नको, आणि ही वकिली सल्ल्याची जागा नाही हेही आधीच सांगून ठेवतो, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात.

ताई पुण्यात आयटीत होती. तिकडे गेल्यावर तिने जे-२ चं ईएडी म्हणजे वर्क परमिटचं कार्ड काढलं आणि एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम्सच्या डेटाचं काम घरून करायला लागली. त्या कार्डासाठी अर्ज करताना हा पैसा जे-१ वाल्याला पोसायला नकोय असं लिहून द्यावं लागतं, गंमतच आहे, पण नियम आहे. जे-१ वर रेसिडेंटला मूनलायटिंग म्हणजे ट्रेनिंगबाहेरचं जादा काम करता येत नाही, त्यामुळे मुलांचं डेकेअर, तिची गाडी, भारताची तिकिटं हे सगळं तिच्या पगारातून. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं प्रकरण इथेच येऊन अडतं.

दोन वर्षांचा नियम

जे-१ वर मेडिकल ट्रेनिंग घेतलेल्या प्रत्येक डॉक्टरला इमिग्रेशन कायद्याचं कलम २१२(ई) लागतं. ट्रेनिंग संपलं की मायदेशी दोन वर्षं प्रत्यक्ष राहायचं, तोपर्यंत नोकरीचा एच व्हिसा नाही, कंपनीतल्या बदलीचा एल नाही, ग्रीन कार्ड नाही. आणि हे जे-२ वर असलेल्या बायकोमुलांनाही लागतं, जे बऱ्याच घरांत कोणाच्या ध्यानीमनी नसतं. ताईच्या कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला तिला विचारलं होतं की तुझं नाव एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत टाकायचं का, तर उपयोग शून्य, कारण दाजींचं कलम तिच्याही मानगुटीवर. बरं, जे-२ ला स्वतःचा वेगळा वेव्हर मागता येत नाही, घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू असले प्रसंग सोडले तर. दाजींना मिळाला तर तिला आणि मुलाला आपोआप मिळणार, त्यांना नाही तर कोणालाच नाही.

रेसिडेन्सीला निघताना भारताच्या आरोग्य मंत्रालयाकडून स्टेटमेंट ऑफ नीड म्हणजे देशाला अशा डॉक्टरांची गरज आहे असं पत्र घ्यावं लागतं आणि त्यासाठी ट्रेनिंग संपवून परत येईन असं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं, ते दाजींनीही दिलं होतं. त्यामुळे घरच्यांना वाटायचं की ही भारत सरकारची अट आहे आणि भारत सरकारनेच ती काढायची. इथून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. नोरी काढा, म्हणजे भारतात परतण्याचं बंधन नाही असं सरकारचं पत्र, नांदेडचे एक काका तर मंत्रालयात ओळख आहे म्हणून फाइल मागत होते. पण नोरी चालतं ते रिसर्च करणाऱ्या पोस्टडॉक वगैरेंना. रेसिडेन्सी केलेल्या डॉक्टरला मायदेशाच्या ना-हरकत पत्रावर वेव्हर मिळतच नाही, अमेरिकेच्याच कायद्यात तशी सोय नाहीये, त्यामुळे मंत्रालयात साक्षात मुख्यमंत्री ओळखीचे असते तरी काही झालं नसतं.

मग डिसेंबर २०२४ मधे अजून एक फॉरवर्ड फिरलं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ९ डिसेंबरला स्किल्स लिस्ट, म्हणजे कोणत्या देशातल्या कोणत्या कामाच्या लोकांना परत जायची अट लागते ती यादी, बदलली आणि भारताचं नाव त्यातून गेलं. बातमी खरीच होती आणि बऱ्याच पोस्टडॉक लोकांची त्या एका दिवसात सुटका झाली, पण दोन वर्षांचा नियम लागायची तीन वेगळी कारणं असतात: सरकारी पैसा, स्किल्स लिस्ट, आणि मेडिकल ट्रेनिंग. दाजी तिसऱ्यात. लिस्टमधून भारत गेला काय नि राहिला काय, त्यांना फरक पडत नव्हता. हे समजावून सांगायला ताईला दोन्ही घरच्या ग्रुपवर जेवढं टाइप करावं लागलं तेवढ्यात वेव्हरचा फॉर्म, डीएस-३०३५, दोनदा भरून झाला असता.

कोणते रस्ते होते

पहिला रस्ता सरळ, परत यायचं. दाजींचे वडील फोनवर म्हणाले, "दोनच वर्षं ऱ्हायचं म्हणतेत ना, मग ये की इकडं, लातुरात दवाखाना टाक, पुढचं पुढं बघू." आणि खरं सांगू का, हा सल्ला वेडगळ नव्हता. दोघांनी त्यावर नीट बसून हिशोब केला. परत जाऊन दोन वर्षांनी पुन्हा अमेरिकेत यायचं तर एच-१बी लॉटरी किंवा लॉटरीतून सूट असलेलं टीचिंग हॉस्पिटल शोधायचं, मधल्या काळात तिकडची प्रॅक्टिस तुटलेली, मुलाची शाळा दोनदा बदलायची. भारतातच कायमचं राहायचं असेल तर उत्तम पर्याय, पण दोन वर्षं राहून परत जायचं असेल तर फार महाग. त्यांना अजून तिकडे राहायचं होतं, म्हणून नाही म्हणाले. कारण एवढंच.

दुसरा रस्ता हार्डशिपचा. मुलगी सिटिझन असल्याने तिच्या नावावर अर्ज करता येतो, फॉर्म आय-६१२. पण तिथे दोन्ही बाजूंनी सिद्ध करावं लागतं, मुलगी आईबाबांबरोबर भारतात गेली तर तिचे अपवादात्मक हाल होतील, आणि ती अमेरिकेतच मागे राहिली तरी होतील. ताई म्हणाली, लातूरला आजी-आजोबांकडे राहणं म्हणजे लेकीचे हाल असं कोणत्या तोंडाने लिहू. मुलगी ठणठणीत होती. ज्यांच्या मुलाला गंभीर आजार आहे आणि त्याचे उपचार तिकडेच चालू आहेत त्यांनी हा रस्ता जरूर बघावा, इतरांनी त्यात वर्ष घालवू नये असं माझं मत. शिवाय या रस्त्याने वेव्हर मिळालेल्या डॉक्टरला अमेरिकेत बसूनच जे-१ वरून एच-१बी वर जाता येत नाही, बाहेर जाऊन व्हिसा घेऊन यावं लागतं.

तिसरा रस्ता कुठल्या तरी सरकारी संस्थेने तुमच्यासाठी शब्द टाकायचा. यात केंद्राच्या संस्था आहेत, व्हेटरन्स अफेअर्स, हेल्थ अँड ह्युमन सर्व्हिसेस, ॲपलाचियन रिजनल कमिशन, डेल्टा रिजनल ऑथॉरिटी, आणि राज्यांसाठी कॉनरॅड ३०. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाचा हा प्रोग्राम १९९४ पासून आहे, आधी प्रत्येक राज्याला वर्षाला २० जागा होत्या, २००२ मधे ३० झाल्या. डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षं आठवड्याला ४० तास काम करायचं, एच-१बी स्टेटसमधे, आणि बदल्यात दोन वर्षांची अट माफ. यातून मिळणारा एच-१बी लॉटरीच्या बाहेरचा असतो. थोडक्यात आपला सरकारी कॉलेजचा बाँडच, फक्त इथे दहा लाख भरून सुटता येत नाही, तीन वर्षं पूर्ण केली नाहीत तर दोन वर्षांची अट परत अंगावर येते, बायकोमुलांसकट.

एकच चिठ्ठी

कॉनरॅडमधे अर्ज करताना डॉक्टरला सही करून द्यावी लागते की माझा दुसरा कुठलाही वेव्हर अर्ज सध्या चालू नाही. म्हणजे एका वेळी एकच राज्य. बहुतेक राज्यांची खिडकी १ ऑक्टोबरच्या आसपास उघडते, काही राज्यांच्या तीसच्या तीस जागा पहिल्या काही दिवसांतच संपतात, काहींच्या वर्षभर उरतात. चुकीचं राज्य निवडलं आणि दोन महिन्यांनी नकार आला तर तोवर बाकीची दारं बंद झालेली असतात आणि रेसिडेन्सी संपायचा दिवस, ३० जून, समोर उभा.

दाजींकडे २०२४ च्या उन्हाळ्यात दोन ऑफर होत्या. एक मोठ्या शहराच्या कडेला हॉस्पिटलिस्टची म्हणजे ॲडमिट पेशंट बघायची, सात दिवस काम सात दिवस सुट्टी, पगार जास्त, आणि त्या शहरात मराठी मंडळ, गणपती, बाकरवडी मिळणारं दुकान, सगळं. पण ते हॉस्पिटल स्वतः शॉर्टेज एरियात, म्हणजे सरकारने डॉक्टर कमी ठरवलेल्या भागात, नव्हतं, तिथले पेशंट शॉर्टेज एरियातून येतात म्हणून फ्लेक्स जागा लागणार होती, आणि फ्लेक्स जागा तीसपैकी जास्तीत जास्त दहा. शिवाय ते राज्य प्रायमरी केअरला आधी घेतं. दुसरी ऑफर मक्याच्या शेतांमधल्या एका छोट्या गावातल्या क्लिनिकची, ओपीडीची, हिपसामधली. हिपसा म्हणजे एचपीएसए, शॉर्टेज एरियाचंच सरकारी नाव, सगळे असंच म्हणतात, क्लिनिकचा पत्ता सरकारी वेबसाइटवर टाकला की तो भाग शॉर्टेजमधे आहे की नाही आणि स्कोअर किती हे लगेच दिसतं. क्लिनिकवाल्यांनी मुलाखतीत विचारलं, गावात राहायची सवय आहे का, तर दाजींनी त्यांना पीएचसीवरच्या रात्री सांगितल्या, लाइट नसताना केलेली बाळंतपणं, साप चावलेला पेशंट आणि फ्रिजमधे उरलेल्या शेवटच्या व्हायल्स. ऑफर तिथेच पक्की झाली असं दाजी म्हणतात, थोडा मसाला असेल त्यात.

दाजींचा जीव शहराकडे होता. ताईने गाव निवडलं. तिचं म्हणणं सरळ होतं, माझं काम घरून आहे त्यामुळे मला गाव कोणतं याने फरक पडत नाही, मला फरक पडतो तो स्टेटस कधी आणि कोणतं याने. जागा नक्की मिळेल तिकडे चला.

करार, आणि त्यातलं ताईचं वाक्य

इथे मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण बहुतेक घरांत करार डॉक्टर वाचतो, पगार बघतो, सही करतो. बायकोला तो मेलवर फॉरवर्ड होतो आणि ती मुलाच्या डब्याच्या गडबडीत तो उघडतही नाही.

क्लिनिकने पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात तीन अडचणी होत्या. एक, दोन्ही बाजूंना ९० दिवसांची नोटीस देऊन कारण न सांगता करार मोडता येईल असं कलम, जे राज्याचं आरोग्य खातं बघूनच परत पाठवतं, तीन वर्षांची हमी कुठे आहे म्हणून. दोन, नोकरी सोडल्यावर अमुक मैलांत प्रॅक्टिस करायची नाही असं नॉन-कॉम्पीट, तेही वेव्हरच्या करारात चालत नाही. तिसरी अडचण बारीक होती आणि वकिलाच्याही नजरेतून जवळजवळ सुटली होती, एका ओळीत लिहिलेलं की गरजेनुसार संस्थेच्या इतर लोकेशनवर ड्युटी लावता येईल. ऐकायला काहीच नाही. पण अर्जात ज्या पत्त्यावर ४० तास म्हणून सांगितलेत तिथेच ते व्हायला हवेत, आणि त्या संस्थेचं एक क्लिनिक जिल्ह्याच्या मोठ्या गावात होतं जे शॉर्टेज एरियात नव्हतं. उद्या मॅनेजरने मंगळवार-गुरुवार तिकडे पाठवलं तर वेव्हरच्या अटीचा भंग डॉक्टरकडून. ती ओळ काढून तिथे एकच पत्ता टाकून घेतला.

आता ताईचं. जे-१ वरून दाजी एच-१बी झाले की ताई जे-२ वरून एच-४ होणार, म्हणजे एच-१बी वाल्याच्या बायकोमुलांचं स्टेटस. आणि एच-४ ला काम करता येत नाही. जे-२ चं ईएडी त्या दिवशी संपतं. एच-४ ला ईएडी मिळतं, २०१५ पासून मिळतं, पण साधारणपणे नवऱ्याचं आय-१४० म्हणजे ग्रीन कार्डची पहिली पायरी मंजूर झालेली असेल तरच. म्हणजे ज्या दिवशी नवऱ्याचा पगार रेसिडेंटचा संपून डॉक्टरचा सुरू होतो त्याच दिवशी बायकोचा पगार शून्य होतो, आणि लोक पेढे वाटतात.

क्लिनिकच्या एचआरला विचारलं तर पॉलिसी अशी की एक वर्ष काम झाल्यावरच ग्रीन कार्डचं बघू. ताईने वकिलाला विचारून दुसरी वाट काढली. शॉर्टेज भागात काम करणाऱ्या डॉक्टरला नॅशनल इंटरेस्ट वेव्हर नावाची वेगळी सोय आहे, पाच वर्षांची सेवा लागते आणि कॉनरॅडची तीन वर्षं त्यात धरतात. हा अर्ज डॉक्टर स्वतः करू शकतो, एम्प्लॉयरने फाइल करायची गरज नाही. आणि पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच आय-१४० मंजूर होऊ शकतं, ग्रीन कार्ड हातात यायला भले कितीही वर्षं लागोत. भारतीयांची ईबी-२ म्हणजे या वर्गाच्या ग्रीन कार्डाची रांग २०२५ मधे २०१३ साली अर्ज केलेल्यांच्या आसपास रेंगाळत होती, त्यामुळे ग्रीन कार्डाचं स्वप्न सोडा, पण ताईला हवं होतं फक्त मंजूर आय-१४०, तिच्या ईएडीसाठी.

यासाठी दोन कागद लागतात, नोकरीचा करार, आणि राज्याच्या आरोग्य खात्याचं हे काम लोकहिताचं आहे असं पत्र, आणि दोन्ही अर्जाच्या तारखेच्या आधी सहा महिन्यांच्या आतले हवेत. सप्टेंबर २०२४ मधे सही केलेला करार मार्च २०२५ नंतर या कामाला शिळा. आणि त्या राज्याचं धोरण असं की डॉक्टर कामावर हजर झाल्याशिवाय ते पत्र देत नाहीत. म्हणून ताईने करारात एक वाक्य घालून घेतलं, की डॉक्टरने मागितल्यापासून दोन आठवड्यांत क्लिनिक नवीन तारखेचा नोकरीचा करार सही करून देईल. एचआरला त्यात काहीच खर्च नव्हता, त्यांनी लगेच हो म्हटलं. दाजी तेव्हा म्हणत होते की एवढ्याशा कागदासाठी करारात कशाला लिहायचं, मागितलं की देतील की. पुढच्या वर्षभरात तिथला मॅनेजर बदलला, एचआरवाली बाई सोडून गेली, आणि नवीन माणसाने पहिलं वाक्य हेच म्हटलं की असे करार आम्ही परत करून देत नाही. मग कराराचं पान दाखवलं.

फाइलचा प्रवास

हा भाग खरं तर कंटाळवाणा आहे, पटकन सांगतो. डीएस-३०३५ ऑनलाइन भरायचा, १२० डॉलर, मग केस नंबर मिळतो आणि तो राज्याला जाणाऱ्या गठ्ठ्याच्या प्रत्येक पानावर टाकायचा, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, लायसन्सच्या झेरॉक्सवरही. सगळे डीएस-२०१९ म्हणजे जे-१ आणि जे-२ ची मुदत दाखवणारे फॉर्म सुरुवातीपासूनचे, बायकोमुलांचेही. ऑक्टोबर २०२४ मधे गठ्ठा राज्याकडे, नोव्हेंबरमधे राज्याची जागा मिळाल्याचं पत्र, तिथून परराष्ट्र खात्याच्या वेव्हर रिव्ह्यू डिव्हिजनकडे, फेब्रुवारीत त्यांची शिफारस, एप्रिलमधे यूएससीआयएस म्हणजे इमिग्रेशन खात्याची मंजुरी. वेव्हर मिळाल्यापासून ९० दिवसांत कामावर हजर होईन अशी हमी असते त्यामुळे तारखा बऱ्या जुळल्या. मग क्लिनिकने एच-१बी चं पिटिशन प्रीमियममधे म्हणजे जादा फी भरून लवकर निकाल मिळेल असं टाकलं, पंधरा कामाचे दिवस, मे महिन्यात मंजूर.

ताईचा आणि मुलाचा आय-५३९, म्हणजे एच-४ वर जायचा अर्ज, त्याच पाकिटात गेला होता. पूर्वी एका कोर्टातल्या तडजोडीमुळे नवऱ्याचं प्रीमियम असलं की बायकोमुलांचे एच-४ चे अर्जही सोबतच निघायचे, पण ती तडजोड जानेवारी २०२५ मधे संपली. त्यामुळे दाजींचं १ जुलैपासून एच-१बी पक्कं, आणि ताई-मुलगा पेंडिंग. पेंडिंग म्हणजे बेकायदेशीर नाही, वेळेत अर्ज केलेला असल्याने राहता येतं. पण काम बंद, आणि ज्याचा कोणी विचारच केला नव्हता ते म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स. जे-२ वाल्यांचं लायसन्स डीएस-२०१९ च्या तारखेपर्यंतच असतं, ताईचं ३० जूनला संपलं.

नवीन राज्यात, नवीन गावात, किराणा गाडीने अर्ध्या तासावर, आणि हिला गाडी चालवता येत नाही. लायसन्सच्या ऑफिसात ताईने आय-५३९ ची पावती, मंजूर एच-१बी, लग्नाचं सर्टिफिकेट, भाडेकरार असं सगळं काउंटरवर मांडलं. बाईने आय-९४ म्हणजे देशात आल्याच्या नोंदीचा नंबर सिस्टिममधे टाकला, स्क्रीन ताईकडे वळवली, त्यावर अजून पडताळणी आवश्यक असं काहीतरी आलेलं. बाई चांगली होती, म्हणाली माझ्या हातात नाही, मला मशीन हो म्हणेपर्यंत कार्ड छापता येत नाही. पुढचे कित्येक आठवडे क्लिनिकमधली एक म्हातारी नर्स शनिवारी तिला किराण्याला घेऊन जायची. मुलाची शाळा मात्र सुरळीत सुरू झाली, सरकारी शाळेला मुलाचं इमिग्रेशन स्टेटस बघून प्रवेश नाकारता येत नाही, हे १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पक्कं आहे.

ताईच्या कंपनीने काही दिवस बिनपगारी रजेवर ठेवलं, ऑगस्टच्या शेवटी जागा भरली.

इथे माझं एक मत. जुलैमधेच ताई मुलांना घेऊन भारतात आली असती, दाजींच्या मंजूर एच-१बी वर बीकेसीच्या कॉन्सुलेटमधून एच-४ चा शिक्का घेऊन परत गेली असती, तर एच-४ बहुतेक लवकर पक्कं झालं असतं. पेंडिंग आय-५३९ बाहेर पडल्यावर रद्द झाला असता पण त्याने काही बिघडत नव्हतं, व्हिसावर आत आलं की स्टेटस त्याच दिवशी. त्यांनी दोन मुलांबरोबर एकटीने जायचं आणि तिकडे अपॉइंटमेंट अडकली तर काय या भीतीने नाही केलं, आणि ती भीती खोटी नव्हती, त्या उन्हाळ्यात मुंबईत तारखा मिळायची मारामार होती. पण नंतर जे झालं ते बघता ती एकमेव सोपी खिडकी होती.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२५

२ सप्टेंबरपासून ड्रॉपबॉक्स म्हणजे इंटरव्ह्यूशिवाय व्हिसा जवळपास बंद झाला, लहान मुलांनासुद्धा प्रत्यक्ष इंटरव्ह्यू. मग १९ सप्टेंबर, शुक्रवार, एच-१बी वर एक लाख डॉलरचा हुकूम. त्या रात्री दाजींच्या बॅचचे भारतात गेलेले लोक मिळेल त्या विमानाने परत निघाले होते. दुसऱ्या दिवशी कळलं की आधीच मंजूर असलेल्यांना आणि व्हिसावाल्यांना नाही, आणि २० ऑक्टोबरच्या खुलाशात स्पष्ट झालं की अमेरिकेत राहून स्टेटस बदलणाऱ्यांना ही फी नाही. पण हा खुलासा नीट वाचा, जे आता वेव्हरच्या रांगेत आहेत त्यांनी तर दोनदा वाचा. स्टेटस बदलाचा अर्ज चालू असताना डॉक्टर देशाबाहेर गेला तर तो बदल गेला आणि फी लागू होऊ शकते. दहा-बारा हजार वस्तीच्या गावातलं क्लिनिक एका डॉक्टरसाठी एक लाख डॉलर काढणार नाही.

ऑक्टोबरमधे ताई-मुलाचं एच-४ मंजूर झालं, लायसन्सही झालं. सप्टेंबरमधे राज्याचं पत्र आणि तो नवीन तारखेचा करार जोडून नॅशनल इंटरेस्टचा आय-१४० प्रीमियममधे टाकला होता, २,८०५ डॉलर फी आणि ४५ कामाचे दिवस, तो नोव्हेंबरच्या शेवटी मंजूर. लगेच ताईचा आय-७६५, म्हणजे ईएडीचा अर्ज.

डिसेंबरमधे दाजींच्या धाकट्या भावाचं लातूरला लग्न होतं. दाजींना मुंबईत इंटरव्ह्यूची तारीख मिळाली होती, पासपोर्टवर अजून जे-१ चाच जुना शिक्का ना, त्यामुळे बाहेर पडलं की नवीन शिक्क्याशिवाय परत नाही. मग १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांचं सोशल मीडिया तपासायचं ठरलं, आणि मेल आला की तुमची तारीख पुढच्या वर्षी. कित्येक लोक भारतात पोहोचल्यावर हे मेल वाचून अडकले, नोकऱ्या तिकडे, मुलं इकडे. दाजींनी तिकीट रद्द केलं. अडकले असते तर नुसती रजा वाढली नसती, कॉनरॅडची सेवा खंडित झाली असती आणि गावात दुसरा फिजिशियन नाही. घरात बिनधास्त प्रवास करू शकणारी एकच व्यक्ती होती, अमेरिकन पासपोर्टवाली, आणि ती अजून डायपरमधे. "भावाच्या लग्नाला बी येत न्हाई म्हणजे कसली नौकरी ही," एवढंच वडील बोलले आणि फोन आईकडे दिला. त्यांचा दोघांचा व्हिजिटर व्हिसा नातीच्या जन्माच्या वेळी काढलेला होता, तो दहा वर्षांचा, त्यामुळे लग्नाचं आवरून तेच मार्चमधे तिकडे गेले.

ताईचं ईएडी मार्च २०२६ मधे आलं. मधे बरेच महिने एका पगारावर गेले, आणि हे महिने करारातल्या त्या वाक्यामुळे कमी झालेले आहेत, एचआरच्या पॉलिसीने गेले असते तर आय-१४० चं नाव २०२६ च्या उन्हाळ्याआधी निघालं नसतं. आता ती परत नोकरी शोधतेय, घरून करता येईल अशी, आणि कार्डाच्या रिन्यूअलची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाकलीय, कारण ३० ऑक्टोबर २०२५ पासून ईएडीची आपोआप मुदतवाढ बंद झालीय आणि १८० दिवस आधी अर्ज केला नाही तर पुन्हा तेच.

दाजींची तीन वर्षं जुलै २०२८ ला पूर्ण होतील. तोवर दर सहा महिन्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला किती तास, कोणत्या पत्त्यावर असा रिपोर्ट द्यायचा असतो. क्लिनिक मधेच बंद पडलं तर दुसऱ्या शॉर्टेज भागात जाऊन उरलेली मुदत पूर्ण करायची परवानगी मागता येते, पण त्यासाठी कागद दाखवावे लागतात, म्हणून ताई प्रत्येक रिपोर्टची आणि पे-स्टबची कॉपी वेगळ्या फोल्डरमधे ठेवते. पुढचा रिपोर्ट जुलैमधे आहे, आणि क्लिनिकच्या बाजूने त्यावर सही कोणी करायची हे नवीन मॅनेजरला अजून माहीत नाहीये.